‘थोडी शुगर आहे’ असं लिहायला फॉर्ममध्ये जागा नसते

आपल्याकडे कुणाला डायबिटीस नसतो, थोडी शुगर असते. बीपी नसतं, बीपीची एक बारीकशी गोळी असते आणि तीसुद्धा डॉक्टरांनी आपली सहज दिलेली. अँजिओप्लास्टी झालेली असली तरी हार्टचा त्रास असा नसतोच, एक स्टेंट टाकलाय फक्त, आणि त्यालाही आता किती वर्षं झाली. चेष्टा करत नाहीये, आमच्या घरातलीच भाषा आहे ही. लग्नाचं स्थळ सुचवताना मुलाचे केस ‘थोडे विरळ’ असतात ना, तसंच. एरवी या भाषेने कुणाचं काही बिघडत नाही, पण ट्रॅव्हल इन्शुरन्सचा फॉर्म समोर आला की त्यात ‘होय’ आणि ‘नाही’ एवढे दोनच चौकोन असतात, ‘थोडं’चा चौकोनच नसतो, आणि मग घरात वाद सुरू होतात.

आमच्याकडे ते ताईच्या दुसऱ्या बाळंतपणामुळे सुरू झाले. ताई न्यू जर्सीत, आई-बाबा साताऱ्यात, मी पुण्यात. म्हणजे कागदपत्रं, तिकिटं, फॉरेक्स, सगळं ओघानेच माझ्याकडे. आईचं डिंक, अळीव, मेतकूट असं सगळं कधीचं सुरू झालेलं, व्हिसाचा शिक्का पण मिळालेला, आणि बाबांनी एक दिवस निवांतपणे जाहीर केलं की व्हिसा तर मिळाला, आता इन्शुरन्स कशाला, सक्तीचं तर नाहीये ना.

सक्तीचं नाहीये हे खरंय. अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसाला इन्शुरन्स लागत नाही. युरोपच्या शेंगेन व्हिसाला लागतो, निदान ३०,००० युरोचा. समोरच्या बिल्डिंगमधले काका-काकू युरोप टूरला गेले तेव्हा टूरच्या पॅकेजमध्येच तो आलेला. काकांना बीपी आणि शुगर दोन्ही, पण त्या पॉलिसीत आधीपासूनचे आजार कव्हर आहेत का हे त्यांनी बघितलंच नव्हतं, कारण व्हिसा तर झाला होता. व्हिसापुरता इन्शुरन्स आणि आजारपणापुरता इन्शुरन्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला पण तोवर कुठे माहीत होतं म्हणा.

बाबांचा दुसरा मुद्दा असा की माझी मेडिक्लेम आहे, जुनी आहे, वेटिंग पिरियड कधीच संपला, आता सगळं कव्हर आहे. बाबा जिल्हा सहकारी बँकेतून रिटायर झालेत, त्यामुळे कागदांच्या बाबतीत त्यांना चूक म्हणणं अवघड असतं. आणि ते अर्धे बरोबरच होते. घरच्या हेल्थ पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी ठरावीक वर्षं थांबावं लागतं, आयआरडीएआयने, म्हणजे विम्यावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, १ एप्रिल २०२४ पासून ही मर्यादा जास्तीत जास्त ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणली, त्यानंतर कंपनीला तो आजार कव्हर करावाच लागतो. पण ते भारतातल्या हॉस्पिटलसाठी. सर्वसाधारण मेडिक्लेम विमानात बसली की संपली. आणि ट्रॅव्हल पॉलिसी असते काही महिन्यांची, तिच्यात थांबून थांबून किती थांबणार? त्यामुळे तिथे वाट बघण्याचा प्रकार नसतो, सरळ हो की नाही असतं, आणि जुन्या आजारांसाठी बहुतेक वेळा ‘नाही’च असतं, फार तर जिवावर बेतलं तर अमुक रकमेपर्यंत देऊ.

मग मी कोटेशन मागवायला लागले. पहिल्याच एजंटने फोनवर इतक्या प्रेमाने सांगितलं की ऐकत राहावं. म्हणाला, मॅडम, काकांचं स्टेंटचं टाकूच नका, प्रीमियम वाढेल, मेडिकल मागतील, उगाच लांबण लागेल, आणि तिकडे कोण बघतंय. बाबा शेजारीच बसलेले, फोन स्पीकरवर. त्यांच्या चेहऱ्यावर ‘बघ, मी काय म्हणत होतो’ असं समाधान. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांचे कर्जाचे अर्ज एक रकाना रिकामा राहिला म्हणून परत पाठवले त्याला स्वतःचा रकाना रिकामा ठेवायचा सल्ला मिळाल्यावर एवढा आनंद व्हावा!

‘कोण बघतंय’ याचं उत्तर मला पुढच्या काही दिवसांत वाचून वाचून कळलं. बघणारा असतोच, फक्त तो कधी बघतो एवढाच फरक. इथली कंपनी साधारण पॉलिसी देतानाच विचारते. वय जास्त असेल, आजार लिहिलेला असेल तर ईसीजी, शुगर, लघवीची तपासणी वगैरे मागते, मग प्रीमियम वाढवते, किंवा तेवढा आजार वगळते, किंवा चक्क नाही म्हणते. अमेरिकेत व्हिजिटर लोकांसाठी ज्या पॉलिसी मिळतात त्यांचं उलटं. तिथे ऑनलाइन नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर टाकला, कार्डने पैसे भरले की पाच मिनिटांत पॉलिसी हातात, तब्येतीचा साधा प्रश्न पण नाही. आधी मला वाटलं किती छान. पण ते विचारत नाहीत कारण आधीचे आजार त्यांनी पॉलिसीच्या मजकुरातच बाहेर काढलेले असतात. आणि क्लेम आला की मग मागची दोन, तीन, कुठे पाच वर्षांची सगळी मेडिकल रेकॉर्ड मागवतात. म्हणजे घेताना जी पॉलिसी काही विचारत नाही ती क्लेमच्या वेळी सगळं विचारते, आणि तेव्हा आपण हॉस्पिटलात असतो, बिल आलेलं असतं, आणि उत्तर बदलायची सोय नसते.

म्हणून मी ठरवलं की पॉलिसी कुठलीही घेऊ, आधी यादी करायची. दोघांना काय काय झालंय, कधी झालं, कोणती गोळी, किती एमजी, कधीपासून. मला वाटलं संध्याकाळी तासाभरात होईल.

साताऱ्याला गेले, गोळ्यांचा डबा उघडला, प्लास्टिकच्या पिशव्यांतली जुनी प्रिस्क्रिप्शन काढली, आणि बसलो तिघं. बाबांचं सोपं होतं. रक्त पातळ करायची गोळी, कोलेस्टेरॉलची अॅटोरवास्टॅटिन, बीपीची टेल्मिसार्टन, अँजिओप्लास्टीचं डिस्चार्ज कार्ड आणि सीडी. आईचं मात्र सोपं नव्हतं. मेटफॉर्मिन मला माहीत होती. थायरॉइडची गोळी माहीत होती. पण अजून एक स्ट्रिप निघाली, ती कशाची म्हणून विचारलं तर म्हणाली, अगं ती पायाला मुंग्या येतात ना, त्याची. कधीपासून येतात? येतात आपल्या. मग एक रिपोर्ट निघाला क्रिएटिनीनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, त्यावर डॉक्टरांनी पेनाने गोल केलेला आणि तीन महिन्यांनी पुन्हा करा असं लिहिलेलं, तो पुन्हा केलेलाच नव्हता. आणि मग बाबाच म्हणाले, ते देवळातलं सांग ना तिला. देवळात चक्कर येऊन पडली होती, श्रावणात, उपास होता आणि गोळी घेतलेली, शुगर एकदम खाली गेलेली. आम्हाला दोघींना सांगितलं नव्हतं कारण तुम्ही उगाच काळजी करता.

ताईला व्हिडिओ कॉल लावला तर ती बराच वेळ काही बोलेचना. मग म्हणाली, आई, तू माझं बाळंतपण करायला येतेयस ना? आई म्हणाली, मग काय झालं. आम्ही दोघी रोज बोलतो आईशी, रोज, जेवलीस का, झोपलीस का, सगळं विचारतो, आणि शेवटी माहिती काढली ती एका विमा कंपनीच्या ‘गेल्या काही वर्षांत आपण पुढीलपैकी कशासाठी उपचार घेतलेत का’ या रुक्ष प्रश्नाने. मला त्या प्रश्नाचं फार कौतुक वाटलं, खरंच. तो ‘बरी आहेस ना’ असं विचारतच नाही. ‘बरी आहेस ना’ला एकच उत्तर असतं.

बाबा मात्र अजून लिहायला तयार नव्हते. त्यांना माझ्या बोलण्याने पटणार नव्हतंच, कोर्टाच्या निकालाने पटलं. पेपरातले निकाल वाचायची सवय आहे त्यांना. सुप्रीम कोर्टाचा ६ डिसेंबर २०२१ चा एक निकाल आहे, न्यायमूर्ती चंद्रचूड आणि न्यायमूर्ती नागरत्ना यांच्या खंडपीठाचा. १९९८ मध्ये एक गृहस्थ नात्यातल्या लग्नासाठी अमेरिकेला निघाले, जाण्याआधी परदेश प्रवासाची मेडिक्लेम घेतली, आपल्याला डायबिटीस आहे हे सांगितलं, तपासणी झाली, कंपनीने पॉलिसी दिली. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरले तर घाम फुटला, गळून गेले, हॉस्पिटलात नेलं, अँजिओप्लास्टी झाली, तीन स्टेंट. कंपनीने क्लेम नाकारला, म्हणे तुम्ही कोलेस्टेरॉलच्या गोळ्या घेत होता ते लपवलंत. राष्ट्रीय ग्राहक आयोगात पण ते हरले. सुप्रीम कोर्टाने मात्र सांगितलं की माणसाची तब्येत बघून एकदा पॉलिसी दिली की मग जो आजार त्याने सांगितलेला होता त्याच्यावरच बोट ठेवून क्लेम नाकारता येणार नाही, आणि परदेशात अचानक उद्भवणाऱ्या आजारपणासाठीच तर अशी पॉलिसी माणूस घेतो.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ९८ ते २०२१. तेवीस वर्षं. मी म्हटलं हो ना, आणि त्यांनी डायबिटीस लिहिलेला होता तरी तेवीस वर्षं, न लिहिता गेले असते तर? यावर ते काही बोलले नाहीत, चष्मा पुसला आणि म्हणाले, दे इकडे फॉर्म.

इथल्या एका कंपनीचं कोटेशन तपासण्या होऊन आलं. त्यात बाबांचा हार्ट आणि आईची शुगर दोन्ही वगळलेले, फक्त जिवावर बेतलं तर एक छोटी रक्कम. इथल्या पॉलिसीचा एक मोठा फायदा म्हणजे भांडण झालंच तर इथेच भांडता येतं. विमा लोकपालाचं ऑफिस पुण्यात नारायण पेठेतच आहे, वकील लागत नाही, फी नाही. अमेरिकन कंपनीशी मी पुण्यात बसून काय भांडणार? पण ती छोटी रक्कम तिकडे किती पुरणार हेही दिसत होतं, कारण तिकडे अॅम्ब्युलन्सला वेगळं बिल, इमर्जन्सीतल्या डॉक्टरचं वेगळं, हॉस्पिटलचं वेगळं, लॅबचं वेगळं. तिथल्या १९८६ च्या कायद्यामुळे इमर्जन्सीत आलेल्या पेशंटला पैसे आहेत का न बघता तपासावं आणि स्थिर करावं लागतं त्यांना, दारातून परत पाठवत नाहीत, पण म्हणजे फुकट नाही, बिल नंतर घरी येतंच.

अमेरिकन पॉलिसींमध्ये दोन जाती आहेत हे कळायला मला वेळ लागला. एक स्वस्त, त्यात प्रत्येक गोष्टीची रक्कम ठरलेली, डॉक्टरच्या एका भेटीचे इतके, एक्स-रेचे इतके, हॉस्पिटलच्या दिवसाचे इतके, वरचं सगळं तुमचं, आणि वरचंच जास्त असतं. ही पॉलिसी घेणं म्हणजे मनाची समजूत घालणं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. दुसरी महाग, तिला कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणतात, आधी डिडक्टिबल, म्हणजे बिलातली सुरुवातीची ठरलेली रक्कम, आपण भरायचं, मग काही रकमेपर्यंत कंपनी ऐंशी टक्के, आपण वीस अशी वाटणी, मग पुढचं पॉलिसीच्या मर्यादेपर्यंत कंपनी. या दुसऱ्या जातीत एक कलम असतं, अॅक्यूट ऑनसेट ऑफ प्री-एक्झिस्टिंग कंडिशन. म्हणजे जुना आजार असला तरी तो अचानक, आधी काही लक्षण न दाखवता उसळला, लगेच उपचार लागले, आणि पेशंटने २४ तासांच्या आत उपचार घेतले, तर पैसे मिळतात. हळूहळू वाढत गेलेलं काही नाही, नेहमीच्या तपासण्या नाहीत, नेहमीच्या गोळ्या नाहीत. हार्टसाठी बऱ्याचदा वेगळी, कमी मर्यादा. आणि वयाची अट, कुठे सत्तर, कुठे ऐंशी, त्यापुढे हे कलम गळून पडतं नाहीतर रक्कम एकदम खाली येते. बाबा एकोणसत्तरचे होते. घेतली.

पॉलिसीचा कागद बाबांनी मोठ्याने वाचून दाखवला सगळ्यांना, बँकेत सर्क्युलर वाचल्यासारखा. पार्थिव मायदेशी परत आणण्याचा खर्च, मर्यादा इतके डॉलर. आई स्वयंपाकघरातून ओरडली, असलं काही वाचू नका संध्याकाळचं. बाबा म्हणाले, अगं चांगलं आहे, कव्हर्ड आहे.

माझ्या मैत्रिणीच्या सासू-सासऱ्यांचं कॅनडाचं याहून अवघड होतं. तिथल्या सुपर व्हिसाला, म्हणजे आई-वडिलांना मुलांकडे जास्त दिवस राहता येतं त्या व्हिसाला, इन्शुरन्स सक्तीचा आहे, निदान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, निदान वर्षभराचा. आणि तिथल्या बऱ्याच पॉलिसीत जुना आजार कव्हर होण्यासाठी तो आधीचे काही महिने स्थिर असावा लागतो, कुठे नव्वद दिवस, कुठे एकशेऐंशी. यात गोळी वाढली तर अस्थिर हे समजतं, पण अनेक पॉलिसींत गोळी कमी झाली तरी तो बदलच धरतात! सासऱ्यांची तब्येत सुधारली म्हणून डॉक्टरांनी बीपीचा डोस अर्धा केला, सगळे खूश, पेढे वाटायचेच बाकी, आणि हिने पॉलिसी वाचली तर मोजणी पुन्हा शून्यापासून. त्यांनी तिकिटंच पुढे ढकलली. विमा कंपन्यांची बाजू मला कळते, बदल म्हणजे अंदाज चुकण्याची शक्यता, पण बरं होण्याबद्दल माणसाला दंड होतोय हे काही गळी उतरत नाही.

गोळ्यांचा पण एक उपद्व्याप. राहणं सहा महिने, आणि अमेरिकेत औषधं नेताना साधारण तीन महिन्यांपुरतीच न्यावीत असा सर्वसाधारण दंडक. मग डॉक्टरांकडून लेटरहेडवर पत्र घेतलं, ब्रँडची नावं न टाकता औषधाची मूळ नावं, कारण आपले ब्रँड तिकडच्या फार्मसीला कळत नाहीत, सगळ्या स्ट्रिप मूळ पाकिटात, आणि सगळं हातातल्या बॅगेत. आईला हॅन्डबॅगेत मेतकूट हवं होतं. त्यावरून पण झालं थोडं.

आता त्या २४ तासांच्या कलमाबद्दल. जानेवारीत न्यू जर्सीत भरपूर बर्फ पडला आणि ताई बाळाला घेऊन आत, भावोजी मीटिंगमध्ये, तर बाबा फावडं घेऊन ड्राइव्ह-वे साफ करायला गेले. थंडीत बर्फ उपसणं हार्टच्या लोकांनी करू नये हे तिकडे शाळेतल्या पोरांना पण माहीत असतं. रात्री जेवण झाल्यावर छातीत जड वाटायला लागलं. साताऱ्यात काय झालं असतं ते मला पाठ आहे: गॅसेस असतील, सोडा घे, ओवा खा, सकाळी बघू. बाबा तेच म्हणत होते. ताईने फक्त एवढंच म्हटलं, बाबा, चोवीस तासांत गेलं नाही तर पैसे मिळणार नाहीत, तुम्हीच वाचलंय. आणि बाबा उठले, स्वेटर घातला. लेकीच्या काळजीने उठले नसते, हे मी छातीठोक सांगते. कलमाने उठले.

रात्रभर ठेवून घेतलं, ईसीजी, ट्रोपोनिन ही हार्टची रक्ततपासणी दोन-तीनदा, मॉनिटर. हार्टचं काही नव्हतं. पित्त. आईने त्या दिवशी साबुदाणा वडे केले होते.

बिलं यायला लागली, एका रात्रीची चार वेगवेगळी पाकिटं, आकडे बघून बाबांनी दोन दिवस कॉफी पण प्यायली नाही, रुपयांत गुणाकार करत बसायचे. कंपनीने अपेक्षेप्रमाणे विचारलं: पेशंटची मागच्या वर्षांची रेकॉर्ड द्या, इथल्या डॉक्टरांचं निवेदन द्या. आणि तिथे आमची साताऱ्यातली यादी कामाला आली, अँजिओप्लास्टीचं डिस्चार्ज कार्ड, दर वर्षीच्या स्ट्रेस टेस्टचे रिपोर्ट, गोळ्यांच्या तारखा, सगळं स्कॅन करून ताईकडे आधीच होतं. निदान पित्ताचं होतं त्यामुळे जुन्या आजाराचा प्रश्न तसा यायला नको होता, पण छातीत दुखून आलेला, स्टेंट असलेला पेशंट म्हटल्यावर त्यांनी शंभर प्रश्न विचारलेच, पुन्हा पुन्हा तीच कागदपत्रं मागितली, एकदा तर डिस्चार्ज कार्डवरचं डॉक्टरांचं अक्षर लागत नाही म्हणून टाइप करून मागितलं. हे त्यांचं मला अगदीच चूक वाटलं नाही, ते अक्षर आम्हाला पण लागत नव्हतं. शेवटी डिडक्टिबल आणि आपल्या वाटणीचं वजा जाता पैसे दिले, पण तोवर आई-बाबा परत येऊन आंबे पण संपले होते.

आईच्या क्रिएटिनीनची पुढची तपासणी तिकडे करावी लागली ती मात्र पूर्णपणे ताईच्या खिशातून, नेहमीची तपासणी, कव्हर नाही, हे आधीच माहीत होतं म्हणून कुणी कुरकुर केली नाही. म्हणजे आईने केली. म्हणाली, मी तर म्हणालेच होते, लिहू नका, म्हणजे कुणाला कळलंच नसतं.

आता बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला परत जायचं चाललंय. बाबांना मध्ये सत्तर पूर्ण झाली, त्यामुळे मागची पॉलिसी त्यांना त्याच अटींवर मिळत नाही, दुसरी शोधतेय, जिच्यात ते कलम ऐंशीपर्यंत चालतं. आईला इन्सुलिन सुरू झालंय, म्हणजे फ्लाइटमध्ये पेन आणि सुया, त्याचं वेगळं पत्र. यादी बाबांनी स्वतःच नवीन केलीय, फुलस्केपवर, रेघा मारून, आणि आईच्या नावाखाली ‘थोडी’ असं लिहून मग ते खोडलंय.